ऐकू येतं, पण कळत नाही

पत्र : माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. ३३ वर्षं चादरीच्या कारखान्यात माग चालवला, दोन वर्षांपूर्वी काम सोडलं. हळू बोललं तर त्यांना ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोललं तर “ओरडतेस कशाला?” म्हणून चिडतात. “मला ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कानात सतत चिंऽऽ असा आवाज येतो, डाव्या कानात जास्त. भावाने ऑनलाइन दीड हजाराचं मशीन मागवलं, ते दोन दिवसांत कपाटात गेलं. एका दुकानात फुकट तपासणी करून दोन्ही कानांचं मिळून ६० हजारांचं मशीन सांगितलं. वडिलांनी मार्कंडेय मंदिरातलं भजन सोडलं, कट्ट्यावर बसणंही सोडलं. बहिरेपणामुळे स्मृतिभ्रंश होतो असा मेसेज वाचून आई घाबरली आहे. घरात आम्ही तेलुगू बोलतो. काय करावं? धाकटा भाऊही आता मागावरच आहे.
— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

ताई, वडील खोटं बोलत नाहीत आणि हट्टही करत नाहीत. त्यांना खरोखरच ऐकू येतं, पण शब्द उलगडत नाहीत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे घरातल्या सगळ्यांना पटलं की निम्मी भांडणं थांबतील.

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळं घातलेली एक नळी असते. तिच्यात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्यांतल्या साडेतीन हजारांच्या आसपास पेशी आवाज मेंदूकडे पाठवतात. बाकीच्या, बाहेरच्या रांगांतल्या, बारीक आवाजाला वाढवून देतात. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच, किनऱ्या पट्टीचे आवाज टिपतात आणि आतल्या टोकाच्या पेशी खर्जातले. मागाच्या खडखडाटाने आधी मरतात त्या तोंडाजवळच्या, साधारण ४००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी मोजायचं माप) आसपासच्या बाहेरच्या पेशी. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत.

आता आपली भाषा बघा. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि दणदणीत असतात. स, श, ख, थ, फ ही व्यंजनं उंच पट्टीतली आणि अगदी बारीक. तुम्ही “साठ” म्हणता, वडिलांपर्यंत “आठ” पोचतं. सात, हात, भात या शब्दांतला “आ” ठणठणीत येतो, त्याच्या आधीचं व्यंजन गळतं. रिकाम्या जागा ते अंदाजाने भरतात. समोर एकच माणूस असेल तर अंदाज जमतो. पंखा चालू असेल, कुकरची शिट्टी होत असेल, दोघं एकदम बोलत असतील तर जमत नाही. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज मुळात उंच असल्यामुळे “भावाचं ऐकू येतं, माझंच कसं नाही” अशी तक्रार घराघरात होते. तुमच्याही घरी होत असेल.

“ओरडतेस कशाला” याचंही उत्तर याच पेशींत आहे. बारीक आवाज वाढवणाऱ्या पेशी गेल्या की हळू बोलणं ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो, कधी कधी जास्तच टोचतो. ऐकू येण्याची आणि सहन होण्याची मर्यादा जवळ येतात, मधली पट्टी अरुंद होते. त्या पट्टीत बसेल असंच बोलावं लागतं आणि मशीनही तसंच लागतं. दीड हजाराचा डबा सगळेच आवाज सरसकट वाढवतो. पंख्याची घरघर वाढते, भांड्यांचा खणखणाट वाढतो, आणि जो “स” हवा होता तो त्याखाली दबतो. वडिलांनी तो कपाटात ठेवला हे योग्यच केलं. तो पुन्हा काढू नका. काही डब्यांचा आवाज इतका जातो की उरलेल्या पेशींनाही इजा होऊ शकते.

मागावर हे का झालं तेही सांगतो, कारण धाकट्या भावाचा प्रश्न त्यातच आहे. साध्या मागावर धोटा (आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा) मिनिटाला शंभरेक वेळा इकडून तिकडे फेकला जातो आणि प्रत्येक वेळी आदळतो. असे माग रांगेने, वर पत्रा, चारी बाजूंना भिंती. अशा शेडमध्ये आवाज ९५ ते १०० डेसिबल किंवा त्याहून जास्त असतो. स्कॉटलंडमधल्या डंडी या गावातल्या तागाच्या विणकर स्त्रियांच्या कानांचा अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की ४००० हर्ट्झवरचं ऐकणं पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच झपाट्याने घसरतं. बोलणं समजायला जी २००० हर्ट्झची पट्टी लागते, ती वीस-पंचवीस वर्षांनंतर घसरू लागते. म्हणून तिशीतला कामगार “मला काही त्रास नाही” असं म्हणतो आणि त्याच वेळी त्याचं नुकसान निम्म्याहून अधिक झालेलं असतं.

आता तपासणी. मशीनच्या दुकानात आधी जाऊ नका. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. सिव्हिलमध्ये, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, हा विभाग आहे आणि खर्चही फार येत नाही. डॉक्टर कानात बघतील. मळ घट्ट बसलेला असेल तर तो काढल्याशिवाय पुढची तपासणी करू नये, आकडे चुकतात. तोवर कोमट तेल, लसणाचं तेल, काडी, कापसाचे बड्स, यातलं काहीही कानात घालू नका. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन कान वाहू लागतो. बड्समुळे मळ बाहेर येत नाही, आत दाबला जातो.

यानंतरची मुख्य तपासणी ऑडिओमेट्री. ती आवाजबंद खोलीतच व्हायला हवी. हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेक करून ऐकवतात आणि जेमतेम ऐकू आलेला सर्वांत हळू आवाज नोंदवतात. मग कानामागच्या हाडावर एक छोटं यंत्र ठेवून तेच पुन्हा करतात. हाडावरून चांगलं ऐकू येत असेल आणि हेडफोनमधून नाही, तर अडचण बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे, तिच्यावर औषध किंवा शस्त्रक्रिया असू शकते. दोन्हीकडून सारखंच कमी असेल तर अडचण आतल्या कानात. दोन कानांत फरक असेल तर चांगल्या कानात सळसळ सोडून त्याला गुंतवून ठेवावं लागतं, नाहीतर तोच दुसऱ्याच्या वाटचं ऐकून उत्तर देतो. हे सगळं नीट करायला अर्धा-पाऊण तास लागतो. दुकानाच्या काउंटरजवळ पाच मिनिटांत, हाडावरची तपासणी न करता काढलेल्या आलेखावर ६० हजार खर्च करू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. मधल्या कानाचा दाब पाहणारी टिम्पॅनोमेट्री सोबत करून घ्या, तिला एका कानाला मिनिटही लागत नाही.

आलेख हातात आला की स्वतःही वाचा. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. रेघ जितकी खाली, तितकं ऐकू कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीत २० डेसिबलच्या आत ठीक, २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र आणि ६५ च्या पुढे तीव्र असं धरतात. मागाच्या आवाजाने गेलेल्या कानाच्या आलेखात ३००० ते ६००० हर्ट्झच्या दरम्यान खड्डा पडतो आणि ८००० वर रेघ थोडी वर येते. वयोमानाच्या घटीत ती ८००० पर्यंत उतरतच जाते. ६६ व्या वर्षी दोन्ही एकत्र असतात, त्यामुळे खड्डा पुसट दिसला तरी गोंधळू नका. मात्र निव्वळ आवाजामुळे होणारी घट उंच पट्टीत सहसा ७५ आणि खालच्या पट्टीत ४० डेसिबलच्या पुढे जात नाही. त्याहून वाईट आकडे आले तर “मागामुळे झालं” म्हणून मिटवू नका, दुसरं कारण शोधायला सांगा. काम सोडल्यावर आवाजाने झालेली घट वाढत नाही. या दोन वर्षांत ऐकणं भराभर कमी झालं असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

डाव्या कानातला जास्तीचा आवाज आम्हाला महत्त्वाचा वाटतो. मागाचा आवाज दोन्ही कानांना साधारण सारखंच खातो. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवर दोन कानांत १५ डेसिबलहून जास्त फरक निघाला, तर डॉक्टर एमआरआय सांगतील. कानाच्या नसेवर क्वचित साधी, कर्करोगाची नसलेली गाठ असते, ती वगळायची असते. घाबरण्यासारखं नाही, पण टाळण्यासारखंही नाही.

दुसरी तपासणी बहुतेक ठिकाणी राहून जाते आणि तुमच्या घरासाठी तीच मोलाची आहे : शब्दांची. पुरेशा मोठ्या आवाजात साधारण २५ शब्द एकेक करून ऐकवतात आणि किती बरोबर म्हणून दाखवले त्याची टक्केवारी काढतात. हे शब्द वडिलांच्या भाषेत हवेत. जन्मभर घरात तेलुगू बोललेल्या माणसाला मराठी शब्द देऊन गुण काढले तर कमी गुण कानाचे की भाषेचे ते कळणार नाही. तेलुगू शब्दयादी आहे का हे आधीच विचारा. नसेल तर तेलुगू येणाऱ्या माणसाला सोबत घेऊन जा आणि निदान घरगुती शब्दांवर पाहायला सांगा. गुण ८०-९० टक्के असतील तर मशीनचा उपयोग चांगला होईल. ४० टक्क्यांच्या आसपास असतील तर मशीन लावूनही गर्दीत अडचण राहणार, हे आधीच कळलेलं बरं. अपेक्षा तिथूनच ठरते.

जाताना एका कागदावर लिहून न्या : मधुमेह, रक्तदाब, लहानपणी कान वाहिला होता का, कुटुंबात कुणाला बहिरेपण आहे का, पूर्वी क्षयरोगाची इंजेक्शनं घेतली होती का. स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन या गटातली औषधं आतल्या कानाला आणि तोल सांभाळणाऱ्या भागाला इजा करतात. आणखी एक पक्कं लक्षात ठेवा. एका कानाने अचानक, एकदोन दिवसांत ऐकू येणं बंद झालं तर “मळ असेल” म्हणून वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत जास्तीत जास्त होतो, नंतर कमी कमी होत जातो.

आईंच्या भीतीबद्दल. मेसेजमध्ये तथ्य आहे, पण अर्धवट. अमेरिकेत ६३९ लोकांवर कित्येक वर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास २०११ मध्ये आला. सौम्य बहिरेपण असलेल्यांत स्मृतिभ्रंशाची शक्यता सुमारे दुप्पट, मध्यम असलेल्यांत तिप्पट आणि तीव्र असलेल्यांत जवळपास पाचपट आढळली. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोग्या १४ कारणांत बहिरेपणाला धरलं. पण दोन गोष्टी सोबत दिसतात म्हणून एकीमुळेच दुसरी होते असं नाही. कमी ऐकू येणाऱ्या बहुतेकांना स्मृतिभ्रंश होत नाही. मशीनने तो टळतो का, हे पाहण्यासाठी ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं केलेल्या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये आला. सगळे मिळून पाहिलं तर फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात मात्र बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. म्हणजे मशीन हे स्मृतिभ्रंशावरचं औषध म्हणून घेऊ नका. पुन्हा भजनाला बसता यावं, आईंशी बोलता यावं यासाठी घ्या. ते कारण पुरेसं आहे. आणि उद्या कुणी वडिलांची स्मरणशक्ती तपासली, तर आधी ऐकू येतंय याची खात्री करून घ्या. प्रश्नच नीट न ऐकलेल्या माणसाचे गुण कमीच येतात, आणि अशी चूक वारंवार होते.

मशीन घेताना पैसे यंत्रापेक्षा ते बसवणाऱ्या माणसासाठी मोजताय असं समजा. ऑडिओलॉजिस्टची, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाची, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा, विचारण्यात संकोच नको. घट दोन्ही कानांत असेल तर दोन्हीकडे लावणं चांगलं, दिशा कळते आणि गोंगाटात शब्द वेगळे काढता येतात. पण पैसे अपुरे असतील तर दोन भारी यंत्रांपेक्षा दोन साधी, नीट बसवलेली डिजिटल यंत्रं आम्ही सुचवू. खालची पट्टी चांगली असेल तर कानात घट्ट बूच नको, हवा जाईल असं टोक हवं, नाहीतर स्वतःचाच आवाज मडक्यातून आल्यासारखा लागतो. बसवणाऱ्याला दोन गोष्टी सांगा : उंच पट्टीच वाढवा, आणि सर्वांत मोठ्या आवाजाची मर्यादा खाली ठेवा, कारण मोठा आवाज वडिलांना टोचतो. मशीन लावून तेच शब्द पुन्हा ऐकवून गुण किती वाढले ते दाखवायला सांगा. आठ-पंधरा दिवस घरी वापरून बघू देतात का, हमी किती वर्षांची, सेटिंग बदलायला किती वेळा यायचं, हे बिलावर लिहून घ्या. पहिल्या दोन महिन्यांत तीन-चार फेऱ्या लागतातच. त्या न केल्यामुळे चांगली मशीनं कपाटात जातात.

पहिले तीन-चार दिवस घरातच, रोज दोन तास, एका माणसाशी बोलताना. मग टीव्ही, मग अंगण, मग भजन. भाजीबाजार आणि गड्ड्याची जत्रा महिनाभरानंतर. सुरुवातीला पाण्याचा, वर्तमानपत्राच्या पानांचा आवाजही कर्कश लागेल. बरीच वर्षं न मिळालेले आवाज मेंदू पुन्हा ओळखायला शिकत असतो, त्याला काही आठवडे लागतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात घाम हा मशीनचा मोठा शत्रू : रात्री बॅटरीचं दार उघडून सिलिका जेलच्या डबीत ठेवा, सकाळी कोरड्या कापडाने पुसा, टोकातली मळाची जाळी आठवड्याला बघा. सेल साधे असतील तर स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवेत ठेवून मग बसवा. बोटं जाड किंवा कापरी असतील तर चार्जिंगचं मशीन सोयीचं.

चिंऽऽ आवाजावर खात्रीचं औषध नाही, तशी जाहिरात दिसली तर पैसे वाचवा. नेमकं मशीन लावल्यावर बाहेरचे आवाज वाढतात आणि तो बऱ्याच जणांना मागे पडल्यासारखा वाटतो. झोपताना पंखा किंवा हळू रेडिओ ठेवा, अगदी शांत खोलीत तोच मोठा होतो.

घरात बोलताना आधी नावाने हाक, मग समोर येऊन, उजेडात, हातभर ते मीटरभर अंतरावरून, नेहमीच्या आवाजात, पण जरा सावकाश. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणून स्वयंपाकघरातून हाक मारणं सोडा. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला. औषधाची वेळ, पैसे, तारीख असे आकडे लिहूनच द्या. “जाऊ दे, काही नाही” हे वाक्य मात्र घरातून काढून टाका. माणसं त्यानेच कट्टा सोडतात.

पैशांचं. वडिलांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात होता का ते पाहा. किमान पाच वर्षं विमा असलेला आणि वयोमानाने निवृत्त झालेला कामगार वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवू शकतो. मशीनबद्दल आणि कामामुळे आलेल्या बहिरेपणाच्या भरपाईबद्दलही त्याच शाखेत विचारा. आवाजाने येणारं बहिरेपण कायद्याच्या यादीतला व्यवसायजन्य आजार आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांची घट ६० डेसिबलपासून पुढे लागते. मागावरच्या कानाची खालची पट्टी शाबूत राहत असल्याने सरासरी चांगली दिसते, आणि शब्द न कळणारा माणूस प्रमाणपत्राविना राहतो. हे आम्हाला अन्यायाचं वाटतं, पण नियम सध्या तसा आहे. ६५ च्या पुढच्यांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, तिच्यात उपकरणांसाठी एकदा ३००० रुपये मिळतात, वार्षिक उत्पन्नाची अट दोन लाखांची. अर्ज समाजकल्याण कार्यालयात. ती सध्या चालू आहे का याची तिथेच खात्री करा.

आणि धाकटा भाऊ. त्याचा कान अजून वाचवता येतो, म्हणून हे पत्र त्यालाही वाचायला द्या. आपल्याकडे कारखान्यासाठी ८ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे. आवाज ५ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा : ९५ ला ४ तास, १०० ला २ तास. १२ तासांची पाळी करणाऱ्याचं गणित त्याने स्वतः मांडून बघावं. कानात कापूस घालून उपयोग होत नाही, त्यातून आवाज जवळजवळ तसाच जातो. फोमचे इअरप्लग घ्यावेत, ते स्वस्त असतात. स्वच्छ हातांनी प्लग वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वरच्या बाजूला धरून वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचा. बाहेर निम्मा लोंबत असेल तर बसलेला नाही. आवाज किती डेसिबलने कमी होतो याचा पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, शेडमध्ये निम्मा धरा. १०० डेसिबलमधून १२ कमी झाले तरी ८८ वर येतो. पाळीत मधेच अर्धा तास जरी काढून ठेवला तरी बरंचसं संरक्षण वाया जातं, म्हणून धागा तुटल्याचं कळत नाही या भीतीने काढणाऱ्यांनी मागाकडे डोळ्यांनी लक्ष द्यायची सवय लावावी. मळके प्लग बदलावेत, नाहीतर कानाला खाज आणि बुरशी.

त्याचीही ऑडिओमेट्री आत्ताच करून ठेवा आणि आलेख जपून ठेवा. त्याआधी १४-१६ तास तो मागापासून लांब असला पाहिजे, नाहीतर थकलेला कान खोटे आकडे देतो. म्हणजे सुट्टी घालवून पुन्हा पाळीवर जाण्याआधीची वेळ सर्वांत चांगली. मग दर वर्षी एकदा. २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झची सरासरी पहिल्या आलेखापेक्षा १० डेसिबलने बिघडली, तर प्लग नीट बसत नाहीत किंवा त्याला शेडमधली जागा बदलून हवी, असं धरा आणि तो आलेख घेऊन मालकाशी बोला.